सुटलेले पोट आणि रोजचा घास

अंगाने भरलेला माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी, अशी आपली जुनी समजूत आहे. कर्जतसारख्या दुष्काळी तालुक्यात ती का रुजली हे उघड आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी सुकडीवर दिवस काढून खडी फोडली, त्यांना घरातले माणूस गुटगुटीत दिसले की समाधान वाटणारच.

पण पुढे काम बदलले. मोट गेली, विजेचा पंप आला. जाते गेले, गिरणी आली. पायी शाळेत जाणारे गुरुजी मोटारसायकलवर बसले. कष्ट कमी झाले. ताट मात्र तेच राहिले, उलट त्यात भर पडली. खर्चून उरलेले अन्न शरीर चरबी करून साठवते आणि त्यामागून मधुमेह व रक्तदाब घरात शिरतात.

कोणी म्हणेल, "मी तर सडसडीत आहे." इथेच फसगत होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपली आणि इंग्लंडमधील डॉ. यडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण चरबी यडकिन यांच्या अंगात सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के निघाली! म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर सावध व्हावे.

आता उपाय. प्रथम चहा घेऊ. मी स्वतः कॉलेजात दिवसाला सहा कप घेत असे. कपाला दोन चमचे धरले, तर बारा चमचे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर झाली. तिचे उष्मांक २४०. सत्तर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण तेवढेच असतात. भाकरीने पोट तरी भरते. साखरेने तेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणे अधिक हिताचे म्हटले आहे. गुळाचा चहा केला तरी हिशेब फारसा बदलत नाही.

आपल्याकडे साखर आधणातच पडते. तेव्हा घरातल्या बाईमाणसाशी बोलल्याशिवाय हे जमायचे नाही. मी दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो. हळूहळू जीभ वळली. पाहुण्याला साखर वेगळी द्यावी. त्यात पाहुणचार उणा होत नाही. दुसऱ्याच्या घरी अर्धा कप मागून घ्यावा.

दुसरे तेल. एक ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात, पिठात सुमारे साडेतीन. फोडणी डब्यातून ओतू नका, पळीने मोजा. भजी बाजाराच्या दिवसापुरती ठेवा.

तिसरे ताट. आपला शाळू उत्तमच. पण तीन भाकरी आणि नावाला कालवण, हे प्रमाण उलटे करा. आधी काकडी, पालेभाजी, मटकीची उसळ. मग भूक पाहून भाकरी. बहुधा एक कमी लागेल.

आणि उपवास! आषाढ वद्य एकादशीला गोदड महाराजांच्या रथाला जाल, तेव्हा 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आठवा. साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांनी वजन उतरत नाही.

घाई मात्र नको. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गरोदर बायांनी आणि वाढत्या मुलांनी घास तोडू नये.

आठ दिवस उपाशी राहणे सोपे. जन्मभर एक चमचा कमी घेणे अवघड. पण टिकते ते तेच. उद्या सकाळच्या आधणापासून सुरुवात करून पाहा.