आरशातला उजवा हात

गिटारवर द्रुत तुकडा घेतला, की माझा उजवा हात अडखळायचा. रात्री मनगट ठणकायचं. गिटार विकून टाकावी, इथपर्यंत आलो होतो. दोष मी प्लेक्ट्रमला दिला. पातळ घेतली, जाड घेतली. मग एकदा कपाटाच्या आरशासमोर वाजवायला बसलो. पाहतो तर खांदा कानाकडे चढलेला, दात आवळलेले, करंगळी ताठ! आणि यातलं काहीच मला जाणवत नव्हतं. सवय मुरली, की शरीर तिची वर्दीच देत नाही. ऑस्ट्रेलियातले काव्यवाचक एफ. एम. अलेक्झांडर यांचा आवाज वाचताना बसायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरशांत पाहिल्यावर त्यांना कळलं, की आपण डोकं मागे ओढतो.

मी एकच तार धरली. मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला एक आघात, आघातानंतर पकड सैल. प्लेक्ट्रम पडली तर पडू दे. (ती नेमकी गिटारच्या पोटात जाते, मग गिटार उलटी करून खुळखुळवत बसा!) तेव्हा दिसलं, की मनगटाऐवजी कोपर हलतंय, म्हणून प्लेक्ट्रमचं टोक तारेपासून उगाच लांब जातंय.

आता ९० वर स्वच्छ वाजतं, मनगटही दुखत नाही. खांदा मात्र अजून चढतो, कुणी ऐकायला बसलं की हमखास.