शहरातून शहरात: युरोपातील स्वस्त प्रवास

युरोपात एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला रेल्वे, लांब पल्ल्याची बस आणि कमी भाड्याचे विमान ही तीन मुख्य साधने आहेत. या तिन्हींचे भाडे अनेकदा अंतरावर नव्हे, तर मागणीवर ठरते. महाराष्ट्रात एसटीचे भाडे टप्प्यांवरून आकारतात, त्यामुळे तिकीट कधी काढले याने फारसा फरक पडत नाही. युरोपात मात्र एकाच गाडीत शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. कंपनी आधी थोडी तिकिटे स्वस्तात विकते. ती संपली, की भाडे चढू लागते. स्वस्त तिकीट बहुधा त्याच दिवसापुरते आणि त्याच गाडीपुरते असते. बेत बदलला की त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. थोडक्यात, वाचलेल्या पैशांच्या बदल्यात प्रवासी आपला वेळ किंवा बेत बदलण्याची मोकळीक देत असतो.

ही स्वस्ताई बाजारपेठ खुली झाल्यामुळे आली. १९८० च्या दशकापर्यंत विमानमार्ग आणि भाडी प्रामुख्याने देशादेशांतल्या करारांनी ठरत. १९८७ ते १९९२ या काळात युरोपीय समुदायाने तीन टप्प्यांत हे निर्बंध उठवले. १९९७ पासून सदस्य देशातील विमान कंपनीला दुसऱ्या सदस्य देशाच्या अंतर्गत मार्गांवरही सेवा देता येऊ लागली. आयर्लंडची रायनएअर, १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली इझीजेट आणि २००४ मध्ये उड्डाणे सुरू करणारी हंगेरीची विझ एअर या कंपन्या अशा वातावरणात वाढल्या. शक्यतो एकाच प्रकारची विमाने वापरायची, उतरलेले विमान लवकरात लवकर पुन्हा उडवायचे आणि आसनाखेरीज जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे घ्यायचे, हे त्यांचे तंत्र.

म्हणूनच विमानाच्या तिकिटावरचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. मूळ भाड्यात सहसा समोरच्या आसनाखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे पडतात आणि ते आयत्या वेळी विमानतळावर भरले तर जास्तच. शिवाय काही विमानतळ शहरापासून फार दूर असतात. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर, तर फ्रँकफर्टचे नाव लावणारे हान विमानतळ सुमारे १२० किलोमीटरवर आहे. तिथून शहरात यायच्या बसचे भाडे कधी कधी विमानाच्या तिकिटाएवढे होते. प्रवाशाच्या बाजूचा एक नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. युरोपीय संघातील विमानतळावरून निघालेले विमान कंपनीच्या दोषाने मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले, तर अंतरानुसार साधारण २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते.

बसची कथाही अशीच आहे. जर्मनीत रेल्वेला स्पर्धा होऊ नये म्हणून लांब पल्ल्याच्या देशांतर्गत बससेवेवर अनेक दशके कडक निर्बंध होते. ते १ जानेवारी २०१३ रोजी उठले. फ्रान्सने २०१५ मध्ये तोच मार्ग धरला. त्यातून वाढलेल्या फ्लिक्सबसच्या हिरव्या गाड्या आज बहुतेक मोठ्या शहरांत दिसतात. कंपनी वेळापत्रक आणि तिकीटविक्री सांभाळते, गाड्या मात्र बहुतांशी स्थानिक बसमालकांच्या असतात. चेक प्रजासत्ताक आणि आसपासच्या देशांत रेजिओजेटच्या पिवळ्या बस आणि रेल्वेगाड्याही लोकप्रिय आहेत. आयत्या वेळी निघायचे झाल्यास बस बहुधा सर्वांत स्वस्त पडते. दुसरा पर्याय ब्लाब्लाकारचा: त्याच दिशेला जाणारा मोटारचालक रिकाम्या जागा देऊन इंधनाचा खर्च वाटून घेतो.

रेल्वे महाग हा समज अर्धाच खरा आहे. वेगवान गाडीचे आयत्या वेळचे तिकीट महाग असते. तेच काही आठवडे आधी काढले तर बरेच स्वस्त मिळते. स्पर्धा असलेल्या मार्गांवर तर फायदा अधिकच. इटलीत २०१२ पासून इटालो ही खासगी कंपनी सरकारी रेल्वेशी स्पर्धा करते. माद्रिद–बार्सिलोना मार्गावर २०२१ मध्ये विगो आणि २०२२ मध्ये इर्यो उतरली, तेव्हा भाडी खाली आली. प्रादेशिक गाड्या सावकाश जातात, पण त्यांचे भाडे सहसा ठरलेले असते. व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा या दोन राजधान्यांमधले साधारण तासाभराचे अंतर अशा गाडीने सहज कापता येते. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर दंड होतो. जर्मनीतील डॉइचलँड-टिकेट हा मासिक पास २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला आणि २०२६ पासून तो ६३ युरोंना मिळतो. त्यावर देशभरातील प्रादेशिक गाड्या आणि शहर-बस चालतात, वेगवान गाड्या चालत नाहीत. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून सार्वजनिक वाहतूक मोफत आहे.

अनेक देशांत चालणारे रेल्वे पास दोन प्रकारचे आहेत. १९५९ मध्ये सुरू झालेला युरेल युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी, तर १९७२ पासूनचा इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. इथे नागरिकत्व नव्हे, वास्तव्य पाहतात. जर्मनीत शिकणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्याला इंटररेल घेता येतो. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. त्यामुळे थोड्या दिवसांत बरेच लांबचे प्रवास करायचे असतील तरच पास परवडतो.

रात्रीच्या प्रवासात एका मुक्कामाचे भाडे वाचते. ऑस्ट्रियन रेल्वेने २०१६ मध्ये नाइटजेट गाड्या सुरू केल्या. २०२३ मध्ये युरोपियन स्लीपरची ब्रसेल्स–बर्लिन गाडी आली. त्यांत बसण्याची जागा सर्वांत स्वस्त, सामाईक डब्यातला बर्थ त्याहून महाग आणि स्वतंत्र शयनकक्ष सर्वांत महाग असतो.

भारतीय पासपोर्टधारकाला मार्ग आखताना व्हिसाही पाहावा लागतो. शेंगेन क्षेत्रात २९ देश असून अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. ब्रिटन आणि आयर्लंड या क्षेत्राबाहेर आहेत. पॅरिसहून लंडनला जाऊन परत यायचे तर ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा हवा आणि शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा.

साधन निवडताना घरापासून घरापर्यंतचा वेळ आणि सगळा खर्च मांडावा. चार-पाच तासांच्या रेल्वेप्रवासासाठी विमान क्वचितच फायद्याचे ठरते. प्राग–व्हिएन्नासारखे अंतर रेल्वेने किंवा बसनेच जावे. समुद्र किंवा दोन-तीन देश ओलांडायचे असतील तर विमानाचे पारडे जड होते. स्वस्त पडावे म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटे जोडली, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकल्यास जबाबदारी सहसा प्रवाशाचीच असते. म्हणून अशा दोन तिकिटांमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचलेले असावे.