पडलेल्यांना परत घ्यायचं का? तिसऱ्या शतकातला एक वाद

देव दयाळू आहे आणि देव न्यायी आहे, ही दोन्ही वाक्यं ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडतात. नुसती वाक्यं म्हणून ती शेजारी शेजारी सुखाने राहतात. अडचण येते ती पाप केलेला खरा माणूस दारात येऊन उभा राहिला की. 'मला परत घ्या' असं तो म्हणतो. आता त्याला काय उत्तर द्यायचं?

माझं संशोधन सुरुवातीच्या चर्चमधल्या पश्चात्तापाच्या पद्धतींवर आहे. त्यात हा प्रश्न सगळ्यात तीव्रपणे दिसतो तो इ. स. २५० नंतरच्या काही वर्षांत. आज त्याबद्दलच सांगते.

एका दाखल्याची गोष्ट

रोमन सम्राट डेशियस याने सत्तेवर येताच हुकूम काढला, की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करावा. नुसतं करून भागणार नव्हतं, तर स्थानिक समितीसमोर करून तसा लेखी दाखला घ्यायचा होता. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर टिकून राहिले आहेत. एक आहे ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या माणसाचा. वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आत्ताही तुमच्यासमोर दिला आणि प्रसाद चाखला, तरी तसं प्रमाणित करावं, असा त्याचा अर्ज आहे. अगदी आपल्या तहसील कचेरीतल्या अर्जासारखा! हे दाखले फक्त ख्रिस्ती लोकांना लागत होते असं नाही. त्यांतला एक तर चक्क मगरदेवाच्या पुजारणीचा आहे.

पण ख्रिस्ती माणसासाठी हा कागद म्हणजे ख्रिस्ताला नाकारणं होतं. काही जण नकार देऊन तुरुंगात गेले, काही मारले गेले. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच मरण पावला. मात्र फार मोठ्या संख्येने लोकांनी बळी दिला, किंवा धूप जाळला, किंवा पैसे चारून नुसता दाखला मिळवला. या सगळ्यांना लॅटिनमध्ये 'लाप्सी' म्हणत, म्हणजे घसरून पडलेले. मराठीतल्या 'पतित' शब्दाचा मूळ अर्थही तोच.

छळ ओसरला तसे हे लोक परत आले. मग काय करायचं?

शास्त्रात दोन्ही आहे

पवित्र शास्त्र उघडून उत्तर मिळेल असं तुम्हाला वाटेल. पण तिथे दोन्ही बाजू आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, की जो मला लोकांसमोर नाकारेल त्याला मीही पित्यासमोर नाकारीन. आणि त्याच शुभवर्तमानात पेत्र कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारतो. तोच पेत्र पुढे चर्चचा आधारस्तंभ होतो. एकीकडे न्याय, एकीकडे दया, आणि प्रसंग मात्र एकच, म्हणजे भीतीपोटी नाकारण्याचा.

त्यामुळे दोन टोकांची उत्तरं पुढे आली.

पहिलं उत्तर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमधलं. छळ सोसून तुरुंगात गेलेल्यांचा मान तेव्हा प्रचंड होता. त्यांच्यापैकी काहींनी पडलेल्यांना 'शांतीची पत्रं' द्यायला सुरुवात केली, म्हणजे याला परत घ्या अशी शिफारस. सुरुवातीला ती नावानिशी असत. मग 'अमका आणि त्याची माणसं' अशी मोघम पत्रं निघू लागली. 'त्याची माणसं' म्हणजे वीस असतील, तीस असतील, आणखीही असतील, अशी तक्रार कार्थेजचा बिशप सायप्रियन याने केली आहे. शेवटी तर सरसकट सगळ्यांनाच शांती दिली गेली.

दुसरं उत्तर रोममधलं, नोव्हेशियन या विद्वान धर्मगुरूचं. ज्यांनी बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्ताला नाकारलं, त्यांना चर्चने परत घेऊच नये. त्याच्यावर अन्याय नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. देव त्यांना क्षमा करणारच नाही, असं त्याच्या पंथाचं म्हणणं नव्हतं. पडलेल्यांनी आयुष्यभर पश्चात्ताप करावा, निवाडा देवावर सोडावा, चर्चने मात्र क्षमा जाहीर करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्याला दिसतं त्यापेक्षा ही भूमिका जास्त सुसंगत आहे.

सायप्रियनने काय केलं?

आता इथे नीट बघा. सायप्रियनचं उत्तर 'मधला मार्ग' म्हणून सांगितलं जातं. थोडी दया, थोडा न्याय, झाली तडजोड. मला ते तसं वाटत नाही. त्याचा मुद्दा वेगळा होता: आधी माणूस बघा.

त्याच्या पत्रांत हे बघणं पानोपानी आहे. एक जण हुकूम निघताच स्वतःहून धावत बळी द्यायला गेला, दुसरा बराच काळ झगडून शेवटी हरला. एकाने बायकामुलांनाही सोबत ओढलं, तर दुसरा घरादाराला वाचवायला एकटाच पुढे झाला. या दोघांचं पाप एकाच मापाने मोजायचं? सगळी पापं सारखीच, हे स्टोइक तत्त्वज्ञांचं मत आहे, ख्रिस्ती माणसाचं नव्हे, असं तो बजावतो. त्याच पत्रव्यवहारात बोना नावाची एक स्त्री भेटते. तिच्या नवऱ्याने तिला ओढत नेलं आणि तिचा हात धरून बळी द्यायला लावलं. हे मी केलं नाही, तुम्ही केलंत, असं ती ओरडत राहिली आणि तिला हद्दपार व्हावं लागलं. आणि तिघे असे, की ज्यांनी आधी अधिकाऱ्यांसमोर हार मानली नाही, पण पुढे प्रांताधिपतीकडे झालेल्या अतोनात यातनांनी ते मोडले. तीन वर्षं ते शोक करत होते. त्यांचं मन नव्हे, शरीर हरलं, आता पुरे झालं, असं सायप्रियन लिहितो.

२५१ मध्ये कार्थेजला बिशपांची सभा भरली. ज्यांनी नुसता दाखला घेतला होता, त्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यायचं ठरलं. ज्यांनी खरोखर बळी दिला, त्यांनी पश्चात्तापात राहायचं आणि मरणाच्या वेळी त्यांना शांती द्यायची. पण ज्याने कधी पश्चात्तापच केला नाही आणि आजारी पडल्यावर घाबरून क्षमा मागितली, त्याला ती नाही. म्हणजे बघा, सायप्रियन मऊ नव्हता.

पुढे दोनेक वर्षांत नव्या छळाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा पश्चात्तापात टिकून राहिलेल्या सगळ्यांनाच परत घेतलं गेलं. कारण साधं आणि जबरदस्त होतं. ज्यांना आपण प्रभुभोजनात ख्रिस्ताचं रक्त नाकारतो, त्यांना ख्रिस्तासाठी स्वतःचं रक्त सांडा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? (सायप्रियन स्वतः २५८ मध्ये रक्तसाक्षी झाला.)

मग दया आणि न्याय यांचं नातं काय?

मला या वादातून जे दिसतं ते असं. सरसकट पत्रं वाटणारे आणि सरसकट दार लावणारे एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोघांनाही माणसाचं ऐकून घ्यावं लागत नाही. पहिल्याला 'काय झालं?' विचारायची गरज नाही, कारण उत्तर 'या' असंच आहे. दुसऱ्यालाही नाही, कारण उत्तर 'नको' असंच आहे. न्याय म्हणजे काय झालं ते खरेपणाने विचारणं, असं धरलं तर तो दयेचा शत्रू उरत नाही. उलट त्याच्याशिवाय दया कोणावर करतोय हेच कळत नाही.

आणि सायप्रियनची आणखी एक गोष्ट. आमचा निर्णय अंतिम नाही, असं तो मानत होता. आम्हाला बाहेरचं दिसतं. कोणी खोटा पश्चात्ताप करून आत आला असेल तर ते देव बघेल, आमच्या निवाड्याने देवाचे हात बांधले जात नाहीत. म्हणजे देवाचा न्याय त्याच्यासाठी धमकी नव्हती, तर मोकळीक होती. शेवटचा न्याय आपल्याकडे नाही, म्हणूनच आपल्याला दया करण्याची जोखीम घेता येते.

३२५ मध्ये निकिया इथल्या परिषदेने पुढच्या एका छळात पडलेल्यांना बारा वर्षांच्या टप्प्याटप्प्याच्या पश्चात्तापानंतर परत घ्यायचं ठरवलं, आणि मरणाऱ्याला शेवटचं प्रभुभोजन नाकारू नये असंही. पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो, की तिथे नोव्हेशियनच्या पंथाचा बिशप असेशियस आपलं कडक मत मांडत होता. ते ऐकून सम्राट कॉन्स्टंटाइन त्याला म्हणाला, की मग शिडी लाव बाबा, आणि एकटाच चढ स्वर्गात.

बारा वर्षं आज आपल्याला फार वाटतात. पण त्या बारा वर्षांच्या शेवटी एक दार होतं, आणि ते उघडणार हे पश्चात्ताप करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.