ई-मेलच्या दारावरही सलाम हवा

छावणी मागे टाकून दौलताबादच्या दिशेने निघाले की पडेगाव लागते. या रस्त्याला आता पाट्यांची दाटी झाली आहे. प्लॉटची कार्यालये, उमराहच्या टूर, कोचिंग क्लास, आतल्या गल्ल्यांत बुरखा-अबाया शिवणाऱ्या भगिनी, घरून बिर्याणीच्या ऑर्डरी घेणाऱ्या खाला. गिऱ्हाईक आले की नाव, मोबाइल, ई-मेल वहीत उतरवून घेतले जाते. पत्ता दिलेला असतो बिलासाठी. पण रमजान जवळ आला की त्याच पत्त्यावर उमराहचे पॅकेज येते, जूनमध्ये क्लासची जाहिरात, आणि मधल्या काळात कधीही न विचारलेले प्लॉट. मुलाच्या नोकरीच्या मुलाखतीचे पत्र त्या ढिगात कुठेतरी दबून राहते आणि तारीख उलटल्यावर सापडते.

न विचारता येणाऱ्या या मेलला स्पॅम म्हणतात. त्याबद्दल आपण सगळेच कुरकुरतो. पण पाठवणाऱ्यांत आपलीच माणसे असतात, म्हणून हा विषय घरात बोलायला हवा.

दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा नियम सूरह अन्-नूरच्या २७ व्या आणि २८ व्या आयतींत आला आहे. आधी परवानगी घ्यावी, सलाम करावा, आणि परत जा म्हटले तर परत जावे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) एकदा हजरत उमर (रजि.) यांच्या दारी गेले. तीनदा परवानगी मागितली, उत्तर आले नाही, तेव्हा ते माघारी फिरले. का फिरलात, असे विचारल्यावर त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची तीच शिकवण सांगितली. हजरत उमर (रजि.) यांनी साक्षीदार मागितला आणि साक्षही मिळाली. त्या काळी खलीफाचे दार असो की आणखी कुणाचे, उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही, असा अर्थ होता. आजचा व्यापारी नेमके उलटे धरतो. नको म्हणाला नाहीत ना, मग चालू ठेवू! आमच्या मते सगळा घोळ इथेच आहे.

हे नवे नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. तो पहिला स्पॅम मानला जातो. तेव्हाही लोक चिडले होते. पुढे अमेरिकेने २००३ च्या कायद्यात असे ठरवले की व्यापारी मेल न विचारता पाठवता येईल, मात्र नको म्हटल्यावर थांबावे लागेल. युरोपने त्याआधीच, २००२ मध्ये, आधी संमती हा सर्वसाधारण नियम केला होता.

आपल्याकडे फोनसाठी ट्रायचे २०१८ चे नियम आहेत. १९०९ वर नोंद करून जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस बंद करता येतात. ई-मेलसाठी मात्र असा वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ मध्ये त्रास देणाऱ्या मेलचा उल्लेख होता, पण अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या प्रश्नावरून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द केले. आता आशा आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची. संमती मोकळेपणाने, ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली असावी, आणि देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

छोट्या व्यावसायिकाने कायद्याची वाट पाहू नये, कारण जीमेलने ती पाहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका दाबात मेल बंद करण्याची सोय द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या खाली ठेवाव्या लागतात. आपण दोनशेच मेल पाठवत असू, तरी लोकांनी पुन्हा पुन्हा स्पॅमचे बटण दाबले की आपला पत्ता बदनाम होतो. मग जाहिरातच नव्हे, तर उमराहला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या तिकिटाचा आणि व्हिसाचा मेलही स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडतो. अम्मी-अब्बा विमानतळावर आणि कागद सापडत नाही!

याद्या विकत घेऊ नयेत, हे तर झालेच. त्याहून नाजूक गोष्ट रिश्त्याच्या बायोडाटाची. मुलीचा फोटो, वडिलांचा नंबर, ई-मेल हे सगळे ओळखीतून ओळखीत फिरते. ज्याच्या हाती ते पडले, त्याने त्यातले पत्ते आपल्या दुकानाच्या यादीत घालणे ही अमानतीत खयानत आहे. चंद्याच्या पावत्यांवरच्या पत्त्यांचेही तेच. (जुम्मा मुबारकच्या फोटोंचा विषय आम्ही मुद्दाम काढत नाही, अर्धा मोहल्ला रुसेल.)

मेल घेणाऱ्याने एवढे पाहावे. ओळखीच्या दुकानाचा मेल असेल तर खालच्या ‘अनसबस्क्राइब’वर दाबावे. पाठवणारा अनोळखी असेल तर त्या दुव्याला हात लावू नये, कारण पत्ता चालू असल्याची खूण त्याला मिळते. सरळ स्पॅम म्हणून नोंदवावे. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल आली तर ती उघडूच नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. काउंटरवर नंबरचा आग्रह धरला तर नाही म्हणता येते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तशी सूचना केलेली आहे.

दुकानदारांसाठी खर्च फारसा नाही. पुढचे बिलबुक छापताना तळाशी एक रिकामी चौकट आणि एक ओळ टाकावी: ‘नव्या मालाची माहिती महिन्यातून एकदा ई-मेलने हवी असल्यास इथे खूण करा.’ खूण गिऱ्हाइकाने स्वतः करावी, आपण आधी करून ठेवू नये. मग एक मेल पाठवून पत्ता त्यांचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. त्याला उत्तर आले नाही, तर ते नाव यादीत घ्यायचे नाही.