पाठाच्या चित्रफितीसाठी संगणक : लॅपटॉप की डेस्कटॉप?

दिवाळी सरली की कर्जत व खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्यांमधून अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी बाहेर पडतात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या अवधीत मुलाची शाळा सुटते आणि तो परत येईतो वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. अशा मुलास हुकलेला पाठ पुन्हा दाखविता यावा, यासाठी पाठाची छोटी चित्रफीत हे उपयुक्त साधन होय. चित्रण मोबाइलवर होते. परंतु नको तो भाग वगळणे, दृश्ये क्रमाने लावणे व त्यांस आवाज जोडणे, म्हणजेच संपादन, संगणकावर अधिक सुकर होते. शाळेपाशी बहुधा एकाच यंत्रापुरते द्रव्य असते. म्हणून निवड विचारपूर्वक व्हावी.

संपादनाचा शैक्षणिक उपयोग नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून तिचा लहानसा चित्रपट केला होता. कित्येक दिवसांची वाढ त्यात काही क्षणांत दिसे. या भागातील वालाच्या अंकुराचा असा पाठ आज कोणत्याही शाळेस तयार करता येईल.

प्रथम यंत्रावर पडणारा भार समजून घ्यावा. मोबाइल प्रत्येक चित्र संपूर्ण साठवीत नाही. मागील चित्राहून पुढील चित्रात काय बदलले, एवढेच तो बहुतांशी नोंदतो. संपादनाच्या वेळी संगणकास हे सर्व क्षणोक्षणी उलगडावे लागते व शेवटी पुन्हा दाबून बसवावे लागते. हे काम दीर्घकाळ चालते व त्यात यंत्र तापते. लॅपटॉपच्या पातळ देहातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. डेस्कटॉपच्या पेटीत हवा खेळते. त्यामुळे सारख्याच किमतीत तो अधिक काम देतो. त्याचा बिघडलेला भाग सुटा बदलता येतो व पुढे मेमरीही वाढविता येते. कित्येक लॅपटॉपांत ती कायमची जोडलेली असते.

असे असले तरी डेस्कटॉप सर्वत्र योग्य ठरेल असे नाही. पावसाळ्यात डोंगराकडील गावांत वीज वारंवार जाते. यू.पी.एस. नसेल तर न साठविलेले काम त्याच क्षणी नाहीसे होते. असेल तरी तो काम साठवून यंत्र बंद करण्यापुरताच वेळ देतो. लॅपटॉप मात्र स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, जरी त्या वेळी त्याचा वेग बहुधा मंदावतो. शिवाय तो सायंकाळी घरी नेता येतो. ज्या वाडीवरील शाळेत रात्री कोणी नसते, तेथे ही सोय मोठी आहे.

तात्पर्य, ‘कोणते यंत्र श्रेष्ठ?’ यापेक्षा ‘काम कोठे होणार?’ हा प्रश्न आधी विचारावा. केंद्रशाळेत पक्की, कोरडी खोली असेल व अनेक शाळांचे पाठ तेथे तयार व्हावयाचे असतील, तर यू.पी.एस.सह डेस्कटॉप घ्यावा. इतर शिक्षकांनी आपले चित्रण पेनड्राइव्हवर तेथे आणावे. शिक्षकास यंत्र सोबत न्यावे लागत असेल, तर लॅपटॉप घ्यावा. त्यावर प्रथम चित्रणाच्या हलक्या प्रती करून संपादन केल्यास मंद यंत्रही अडखळत नाही; अंतिम चित्रफीत मूळ प्रतीवरूनच तयार होते.

खरेदीच्या वेळी १६ जी.बी. मेमरी व ५१२ जी.बी.ची एस.एस.डी. असावी. शॉटकट व केडेनलाइव्ह ही संपादनाची साधने विनामूल्य मिळतात. मूळ चित्रणाची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर अवश्य ठेवावी. पावसाळ्यात यंत्र कपाटात बंद न ठेवता दर आठवड्यास काही वेळ चालवावे, म्हणजे दमटपणा धरत नाही. मुलांचे चित्रण करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी.

चित्रफीत पाच मिनिटांहून मोठी नसावी. वीटभट्टीवरील पालकाच्या साध्या मोबाइलवर ती उघडली पाहिजे आणि मुलास ती एकट्याने पाहून समजली पाहिजे. यंत्राची निवड योग्य झाली की नाही, याची खरी कसोटी तेथेच लागेल.