सीमेपलीकडची स्वस्त सहल

गोव्याची सहल म्हणजे पैसेवाल्यांचा कारभार, अशी आमच्या गावात समजूत. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गेल्या डिसेंबरात वर्गाच्या सहलीतून मी नाव मागे घेतले. "घरी भातकापणी आहे," म्हणून सांगितले. भात केव्हाच मळून झाले होते!

यंदा हिशेबाची वही माझ्याकडे आली आणि कळले, पैसे समुद्राला नव्हे, तारखेला पडतात. नाताळात केरी-हरमलची भाडी चढतात. फेब्रुवारीत, मधल्या वारी, घासाघीस चालते. शिवाय भाडे माणशी नसते, खोलीवर असते. आम्ही ९ जणांनी केरीला किनाऱ्याजवळ २ खोल्या घेतल्या. (हरमलच्या बांबूच्या झोपड्या पावसाळ्यापूर्वी मोडतात; जूनमध्ये शोधू नयेत.) तांदूळ, कुळथाचे पीठ, सुके बांगडे घरचे, चूल घरमालकीणकाकूंची.

वाट शिरोडा-रेडीवरून. गंमत अशी की तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे, आपल्याच काठावर, तरी गोव्यात! १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, म्हणून. तिथून फेरीबोटीने केरी; पायी माणसाला तिकीट नाही. शेवटची फेरी किती वाजता, हे मात्र आधी विचारावे.

वर्गणी मी बंद डब्यात घेतली. जमेल तेवढे टाकावे, नाव सांगू नये. कोणी किती टाकले देव जाणे. पण हिशेब पुरला.

परतताना फेरीवर एकाने हळूच विचारले, "काय रे, गेल्या वर्षीचं भात झालं का कापून?"

उरलेल्या पैशांत रेडीला सगळ्यांचा चहा झाला.