सपाट रस्त्यावरून मोजलेली शिखरे

डमडम म्हटले की विमानतळ आठवतो. इतिहासाची आवड असलेल्यांना काडतुसे आठवतात. हिमालय मात्र कोणालाच आठवत नाही. दार्जिलिंगला निघालेले पर्यटक येथून बागडोगऱ्याच्या विमानात बसतात आणि आकाश निरभ्र असल्यास खिडकीतून कांचनगंगेचे दर्शन घेतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच अशा या गाळाच्या भूमीचा त्या शिखरांच्या उंचीशी जवळचा संबंध आहे.

डमडम रोड जेथे बराकपूर ट्रंक रोडला मिळतो, त्या चिरिया मोडच्या परिसरात एक जुना मनोरा उभा आहे. त्याचा जोडीदार उत्तरेस सुमारे दहा किलोमीटरवर सुखचर येथे आहे. दोहोंची उंची सुमारे ७५ फूट. १८३१-३२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली या रस्त्यालगत भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची एक आधाररेषा मोजली गेली. त्रिकोणाची एक बाजू व कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात, आणि त्यांवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. पहिली बाजू चुकली तर चूक शेवटपर्यंत प्रवास करते. आरंभीची शिल्लक चुकलेल्या खातेवहीचे काय होते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको! उन्हाने धातू प्रसरण पावतो, म्हणून लोखंड व पितळ यांच्या पट्ट्या अशा जोडल्या होत्या की एकीची वाढ दुसरीने भरून निघावी. आपल्या सह्याद्रीत दूरवर पाहण्यासाठी डोंगरमाथे आयते मिळतात. बंगालच्या सपाटीवर झाडी आणि घरे आड येतात, म्हणून मनोरे बांधावे लागले.

अशा आधाररेषांवर उभ्या राहिलेल्या त्रिकोणांच्या साखळ्या पुढे हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचल्या. नेपाळमध्ये प्रवेश नव्हता. त्यामुळे १८४९-५० मध्ये हिवतापाने ग्रासलेल्या तराईच्या प्रदेशातून, शंभराहून अधिक मैलांवरून शिखरांचे कोन घेतले गेले. हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो, पृथ्वीचा पृष्ठभागही वक्र आहे. या साऱ्याचा हिशेब करावा लागला. तोपर्यंत कांचनगंगा सर्वांत उंच समजली जात होती. १८५२ मध्ये ‘शिखर क्रमांक १५’ तिच्याही वर असल्याचे आकडेमोडीतून दिसले. १८५६ मध्ये सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची जाहीर केली आणि शिखरासाठी आपल्या पूर्वसूरींचे, एव्हरेस्ट यांचे नाव सुचवले. २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. फरक अवघा नऊ मीटरांचा!

या गणिताचे श्रेय राधानाथ सिकदार यांना दिले जाते. हिंदू कॉलेजचा हा विद्यार्थी १८३१ मध्ये दरमहा तीस रुपयांवर गणक म्हणून रुजू झाला आणि पुढे कोलकात्यात मुख्य गणक झाला. ते धावत साहेबांच्या खोलीत शिरले ही आख्यायिकाच मानावी. डेहराडूनच्या गणकांचाही या कामात वाटा होता. परंतु पुढचा प्रकार आख्यायिका नव्हे. खात्याच्या सर्वेक्षणविषयक ग्रंथातील गणिती भागासाठी १८५१ च्या आवृत्तीत सिकदार यांचा ऋणनिर्देश होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १८७५ च्या आवृत्तीतून तो गाळला गेला. याचा निषेध वृत्तपत्रातून एका इंग्रजानेच केला, हे नमूद केले पाहिजे. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

ही शिखरे प्रत्यक्ष पाहायची तर सिंगलीला डोंगररांगेवरील संदकफू गाठावे. ३,६३६ मीटर उंचीचे हे पश्चिम बंगालमधील सर्वोच्च ठिकाण, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ पहाटे येथून जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार दिसतात: एव्हरेस्ट, कांचनगंगा, ल्होत्से आणि मकालू. कांचनगंगा म्हणजे ‘महाहिमाचे पाच खजिने’. ८,५८६ मीटर उंचीचे हे भारतातील सर्वोच्च शिखर येथून सर्वांत भव्य दिसते. पश्चिमेकडे मात्र डोळा फसतो. मकालू जवळ असल्याने मोठा वाटतो आणि एव्हरेस्ट त्याच्या मागून डोकावते. नवखा पर्यटक हटकून मकालूकडे बोट दाखवून एव्हरेस्ट दिसल्याचे सांगतो.